आतली दुरुस्ती

लाँड्री दोघी जावांची होती. थोरली काउंटर सांभाळायची, गिऱ्हाइकांशी बोलायची आणि वेळ पडली तर भांडायचीही. धाकटी मागच्या खोलीत मशीनपाशी असायची. डाग काढण्यात तिचा हात कुणी धरला नसता, पण तोंडातून शब्द काढायचा म्हणजे तिला जड जायचं. थोरलीचा नवरा इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहायचा. धाकटीचा नवरा दुसरीकडे नोकरीला होता. या धंद्याशी त्याचा संबंध एवढाच, की त्याचे शर्ट इथे फुकटात धुऊन निघायचे.

दुकान एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. पुढे काउंटर, मागे मशीनची खोली, आणि दोन्हींच्या मधे तयार कपडे टांगायची लांबट, बोळासारखी जागा. तिथे दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे, आणि दांड्यांवर पातळ प्लॅस्टिकमध्ये झाकलेले कोट, पँटी, पडदे. वरच्या मजल्यावर जागेचे मालक राहायचे.

मालकांना मालक म्हटलेलं आवडत नसे. करारावर सह्या झाल्या त्या दिवशी ते थोरलीला म्हणाले होते, "मला काका म्हण. मालक न् भाडेकरू हे सगळं कागदावर. आपण एका घरातली माणसं." करारात एक कलम होतं : आतली दुरुस्ती भाडेकरूने करायची, बाहेरची आणि इमारतीची मालकाने. थोरलीने त्याचा अर्थ विचारला तेव्हा काका मोकळं हसले. "अगं, बल्ब गेला, कडी निसटली, असलं किरकोळ. तेवढ्यासाठी म्हाताऱ्याला जिना उतरायला लावू नका म्हणजे झालं."

थोरलीला तेव्हा तो माणूस फार आवडला होता. पुढे कित्येक महिने त्या आवडण्याचीच तिला शिसारी येत राहिली.

वास आधी धाकटीला आला. "ताई, काहीतरी कुजलंय," ती म्हणाली. दोघींनी मशीन ओढून पाहिलं, मोरीत गरम पाणी ओतलं, उंदीर मेलाय का म्हणून कोपरे उकरले. काहीच सापडलं नाही. मग एका सकाळी थोरली टांगलेल्या कोटांमधून वाट काढत चालली होती आणि तिच्या मानेवर काहीतरी टपकलं. कोमट होतं. तिने हात लावला, बोटं नाकाशी नेली, आणि तशीच मोरीकडे धावली. साबणाने मान घासली, पुन्हा घासली, मान लाल होईपर्यंत घासली. वर छताला चहाच्या बशीएवढा पिवळट डाग पडला होता आणि त्याच्या मधोमध एक थेंब फुगत होता.

प्लंबरने स्टुलावर चढून छताचा पोपडा खरवडला आणि नाकाला रुमाल लावूनच खाली उतरला.

"वरच्या संडासाचा पाइप आहे," तो म्हणाला. "तुमच्या छतातून आडवा गेलाय आणि त्या भिंतीतून खाली उतरलाय. जोड उसवलाय. खालून काही करता यायचं नाही. वरची फरशी फोडावी लागेल."

"म्हणजे हे पाणी..."

"पाणी म्हणा हवं तर," प्लंबर म्हणाला.

धाकटीने तोंडावर पदर धरला आणि ती बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिली.

निरोप गेला तसे काका लगेच खाली आले. पांढराशुभ्र सदरा, अंगाला अत्तराचा वास. डागाखाली उभे राहून त्यांनी वर पाहिलं, चुकचुकले, मग काउंटरपाशी येऊन खुर्चीवर बसले. थोरलीने चहा मागवला. त्या वासात चहा पिणं तिला जमेना. काका मात्र बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले.

"वाईट झालं," ते म्हणाले. "पण पोरी, हे आतलं झालं ना?"

"आतलं कसं काका? पाइप तुमच्या घरचा आहे."

"पाइप माझा, पण गळतोय कुठे? तुझ्या दुकानात. दुकानाच्या आत. करार काय म्हणतो? आतली दुरुस्ती तुमची." आवाज इतका मऊ, जणू लहान मुलाला पाढा समजावून सांगताहेत. "आणि वरची फरशी नवीकोरी आहे. इटालियन आहे. फोडली तर तसली जोडीला मिळायचीसुद्धा नाही. काकूच्या जिवाला लागेल ते."

"मग आम्ही काय करायचं? घाण अंगावर घ्यायची?"

"राग आला की डोकं चालत नाही बघ." काका थोरलीच्या नवऱ्याकडे वळले. "तू शहाणा आहेस. असं कर, खाली एक फॉल्स सीलिंग लावून घे. दुकानाला शोभा येईल. आत पत्र्याची पन्हळ टाक, त्याला नळी लाव, नळी मोरीत सोड. दिसायला नको, पडायला नको. माझी काही हरकत नाही, जा."

ते जिना चढून गेल्यावर थोरली नवऱ्याला म्हणाली, "हरकत नाही म्हणे! आपलं डोकं, त्यांची घाण, आणि परवानगी देताहेत!"

"हळू बोल, वर ऐकू जातं," नवरा म्हणाला. "जागा मोक्याची आहे. त्या दातांच्या दवाखान्याचं काम याच जागेमुळे मिळालंय. त्यांच्याशी वाकडं घेऊन कुठे जाणार आहोत?"

"अहो, ते संडासाचं पाणी आहे!"

"म्हणूनच म्हणतो, झाकून टाकू."

आणि त्यांनी ते झाकलं. पांढऱ्या चौकोनी पट्ट्यांचं छान छत लागलं, मधे दोन गोल दिवे बसले. गिऱ्हाइकं म्हणाली, वा, दुकान नवं केलंत. थोरली हसून मान डोलवायची आणि मनात वरचं चित्र बघायची : त्या पांढऱ्या पट्ट्यांवर, त्या दिव्यांच्या हातभर अंतरावर काय साचलं असेल. पन्हळीची नळी मोरीत येत होती. वर कुणी साखळी ओढली की थोड्या वेळाने नळीतून गुळगुळ आवाज यायचा. मग हळूहळू तिघांना वरच्यांच्या सवयी कळू लागल्या. कोण सकाळी लवकर उठतं, कोणाचं पोट बिघडलंय, पाहुणे कधी आलेत. कुणी त्याबद्दल बोलत नसे. नळीने आवाज केला की नवरा इस्त्री जोरात आपटायचा.

धाकटीने दुकानात जेवणं सोडलं. डबा तसाच घरी परत न्यायची. थोरली तिच्यावर ओरडायची आणि मग स्वतःचाही डबा मिटून ठेवायची. कितीही उदबत्त्या लावा, फिनेल ओता, तो वास कपड्यांच्या वासाखाली बसून राहिलेला असायचा. घरी निजताना उशीलासुद्धा तो आहे असं थोरलीला वाटायचं. उशी हुंगून बघायची तिला सवय लागली.

आणि काका येता-जाता दारात उभे राहून म्हणायचे, "काय, झाला ना प्रश्न मिटून? उगाच फरशी फोडायला निघाला होता!"

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे पलीकडच्या रस्त्यावरचा दातांचा दवाखाना. तिथले पांढरे कोट, टॉवेल, खुर्चीवरच्या चादरी सगळं इथे यायचं. ते न्यायला एक सिस्टर यायची, उंच, कमी बोलणारी, प्रत्येक कोट उजेडात धरून बघणारी. त्या दिवशी दुपारी ती काउंटरपाशी उभी होती. थोरलीचा नवरा तिचे कोट काढायला आत गेला होता.

आधी कापड फाटल्यासारखा आवाज झाला. मग छताच्या मधला भाग पोटासारखा खाली फुगला आणि सगळाच्या सगळा कोसळला. पट्ट्या, पत्रा, दिवा, आणि त्यांच्या वर इतके दिवस मुरलेलं सगळं. काळपट, दाट, किडे वळवळणारं. ते कोटांवर पडलं, पडद्यांवर पडलं, थोरलीच्या नवऱ्याच्या डोक्यावर आणि खांद्यांवर पडलं. तो हातात हँगर धरून तसाच उभा राहिला. डोळे मिटलेले, ओठ घट्ट आवळलेले.

सिस्टरने एकदा आत पाहिलं. ती ओरडली नाही. "हे कुठलं आहे?" तिने विचारलं.

थोरलीला खोटं सुचलं नाही. "वरच्या संडासाचं."

"आमचे कोट याच्या खाली असायचे?"

सिस्टरने काउंटरवरचा हात उचलला, तो अंगापासून लांब धरला आणि निघून गेली. दवाखान्याचं काम त्या दिवसापासून बंद झालं. बातमीला पाय फुटले. बाकीच्यांनीही येऊन आपापले कपडे मागितले, आणि जे वाचले होते तेही नाकाला रुमाल लावून नेले.

साफसफाई तिघांनी मिळून केली. नवरा मोरीशी ओणवा होऊन ओकला, तोंड धुतलं आणि पुन्हा फावडं उचललं. धाकटी पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. "भावजी, तुम्ही तेव्हा झाकायला नको होतं." तो मान खाली घालून खरवडत राहिला.

काका संध्याकाळी उतरले, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. सदऱ्याच्या बाहीने नाक झाकून म्हणाले, "कुणाला लागलं नाही ना? मग झालं तर. वस्तू काय, परत येतात." मग किंचित थांबून, "पण एक सांगतो हं. तुमच्या त्या इस्त्रीच्या वाफेनं माझं छत मऊ पडलंय. जोडसुद्धा त्यानंच सुटला असणार. मी आजवर बोललो नाही, म्हटलं आपलीच माणसं."

थोरलीच्या हातात घाणीने भरलेली बादली होती. ती ओतून द्यावी असं तिला इतकं वाटलं, की तिने बादली खाली ठेवली आणि हात मागे धरले.

दुसऱ्या दिवशी ती वकीलबाईंकडे गेली. बाईंनी करार वाचला आणि सरळच सांगितलं, "हा पाइप तुमच्या छतातून जातो म्हणून तुमचा होत नाही. तुमच्या दुकानाचा एक थेंब त्यात जात नाही. तो इमारतीचा भाग आहे, दुरुस्ती त्यांचीच. नोटीस देऊ. बाजू आपली भक्कम आहे. फक्त वेळ लागेल, आणि तोवर दुकान कसं चालवायचं ते तुम्ही बघा."

नोटिशीला उत्तर आलं. भाडेकरूच्या वाफेने इमारतीचं नुकसान झालं आहे. भाडेकरूने मालकाला न विचारता छताला फॉल्स सीलिंग जोडलं आहे. सगळं पूर्ववत करून द्यावं.

"न विचारता?" थोरली उडालीच. "अहो, त्यांनीच तर सांगितलं लावा म्हणून! आमच्या चहाचा घोट घेत सांगितलं!"

"लेखी?" वकीलबाईंनी विचारलं.

"आम्ही त्यांना काका म्हणायचो हो."

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

त्या दिवशी थोरली दुकानात परतली नाही. तडक जिना चढली आणि मालकांच्या दाराची बेल दाबली. काका सकाळीच बाहेरगावी गेले होते हे तिला ठाऊक नव्हतं. ती त्यांना तोंडावर बोलायलाच आली होती. दार काकूंनी उघडलं. गुडघ्यांमुळे जिना चढणं-उतरणं काकूंनी सोडून दिलं होतं, त्यामुळे दोघींची गाठ कधीतरी गॅलरीतून हात हलवण्यापुरतीच पडलेली.

"अगं ये की. लाँड्री कशी चाललीय? गळती थांबली ना? हे म्हणाले, खाली सगळं नवीन करून दिलं तुम्हाला."

थोरली दारातच थांबली. रागाने भरलेलं तोंड तसंच उघडं राहिलं. मग तिने सगळं सांगितलं. मानेवरचा थेंब, पन्हळ, नळीचा आवाज, कोसळलेलं छत, नवऱ्याच्या डोक्यावरचे किडे. काकू ऐकता ऐकता भिंतीला धरून खुर्चीत बसल्या.

"म्हणजे मी सकाळी उठते," त्या म्हणाल्या, "आणि ते तुमच्या..."

काकूंचा चेहरा काळवंडला. मग त्या अगदी हळू आवाजात बोलू लागल्या. "तुमचा करार व्हायच्या आधी फरशी बसवली ना, तेव्हा गवंड्याने यांना सांगितलं होतं. माझ्यासमोर. म्हणाला, संडासाचं भांडं सरकवलंय, हा जोड टिकणार नाही, खालपर्यंत नवा पाइप घाला. हे म्हणाले, 'खाली कोण येणार आहे? भाडेकरूच ना.' मला वाटलं, गंमत करताहेत. मी हसलेसुद्धा."

इतके दिवस थोरलीला वाटत होतं, माणूस कंजूष आहे, हट्टी आहे. हे तिच्या मनातही आलं नव्हतं, की करारावर सही करताना, तिला पोरी म्हणताना, त्याला सगळं माहीत होतं. काकूंचं ते स्वच्छ, चकचकीत घर, पडदे, कोपऱ्यातल्या कुंड्या, सगळ्यांवरून तिची नजर फिरली आणि तिला कशालाही हात लावावासा वाटेना.

"तुझा तो प्लंबर आहे ना," काकू म्हणाल्या, "त्याला बोलाव. आत्ता."

"काका येऊ देत की."

"ते आले की मग होतंय होय? घर माझ्याही नावावर आहे. संडास माझा आहे. बोलाव."

प्लंबर दोन गडी घेऊन आला. काकूंनी स्वतः दार धरून उभं राहून इटालियन फरशी फोडून घेतली. खाली आवाज गेला तशी धाकटी आणि थोरलीचा नवरा दोघंही जिन्यात येऊन उभे राहिले. उसवलेला जोड बाहेर निघाला तेव्हा त्याला जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला दिसला, वरून सुतळी बांधलेली. प्लंबरने तो काकूंसमोर धरला. काकूंनी पाहिलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "खालपर्यंत नवा घाल."

काका परतले तोवर पाइप बसला होता, सिमेंट ओलं होतं. त्यांनी संडासात डोकावलं आणि त्यांचा तो मऊ आवाज कुठल्या कुठे गेला. जिन्यातून ओरडतच खाली आले. "माझ्या घरात माझ्या माघारी! बाईमाणसाला फितवून! तुमची लायकी तरी आहे का त्या फरशीवर पाय ठेवायची?"

"तुमचा मैला डोक्यावर घ्यायची लायकी आहे ना, मग पाय ठेवायची पण आहे," थोरली म्हणाली.

काकांनी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. "हिला आवर. तू शहाणा आहेस."

थोरलीचा नवरा इस्त्री बाजूला ठेवून काउंटरपर्यंत आला. "शहाणा असतो तर त्या दिवशी तुमच्या तोंडावर चहा फेकला असता," तो म्हणाला. "जा वर. गिऱ्हाइकाची जागा आहे ही." दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं, पण काका गेले.

त्यानंतरचं सगळं कागदावर झालं. काकांनी कळवलं, की जागेचं नळकाम नवीन झालं आहे, तेव्हा करार संपल्यावर भाडं वाढेल. वकीलबाईंनी पत्र वाचून पहिल्यांदाच शिवी घातली, मग माफी मागितली. लढायला त्या तयार होत्या. पण धाकटीने सांगून टाकलं, "ताई, तुम्ही जिंकाल. पण मी तिथे पुन्हा जेवू शकणार नाही." खरं तर थोरलीलाही ते जमणार नव्हतं. छत आता कोरडं होतं, नळी काढून टाकली होती, तरी तिथून चालताना तिघांच्याही माना आपोआप खांद्यात जायच्या. वकीलबाईंनी तडजोड घडवली. काकांनी वाफेचा आरोप मागे घेतला, अनामत परत केली, आणि फॉल्स सीलिंगचे उरलेले तुकडे मात्र जाताना याच तिघांनी काढून न्यायचे, हे कलम काही केल्या सोडलं नाही.

ते तुकडे काढतानाही काका दारात उभे राहून लक्ष ठेवत होते. "त्या कोपऱ्यात खिळा राहिलाय बघ," ते म्हणाले. थोरलीच्या नवऱ्याने तो उपटला आणि त्यांच्या पायाशी टाकला.

नवी जागा आडबाजूला मिळाली, लहान, जुन्या गॅरेजसारखी. वर फक्त गच्ची. काम मंद सुरू झालं. डबे मात्र पहिल्याच दिवशी रिकामे झाले. काही महिन्यांनी दवाखान्याची सिस्टर आली. आधी छताकडे बघून घेतलं, मग धाकटीला म्हणाली, "मोरी दाखवा." मोरी बघून ती एक लहानसं बोचकं ठेवून गेली, नुसत्या टॉवेलांचं.

जुन्या जागेत आता कुणी केकचं दुकान काढलंय असं कळलं. ते सांगायला जुन्या दुकानाशेजारचा चांभार आला होता, बूट पुसायचे कपडे घेऊन. "काका फार कौतुक सांगत होते त्या नव्या पोरांना," तो म्हणाला. "म्हणाले, भाडेकरूसाठी मी माझी राहती फरशी फोडून नवा पाइप घातला. स्वतःच्या खिशातून. कोण करतं आजकाल?"

थोरलीचा नवरा हसू लागला. इतकं कडवट, की चांभार गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला. थोरली हसली नाही. ती बाहेर गेली, गटाराच्या कडेला उभी राहून थुंकली, आत येऊन हात धुतले, आणि गठ्ठ्यातला पुढचा शर्ट उचलून त्याची कॉलर उलटी केली.